रिकामं ताट

औषधामुळे झालेल्या इजेचा फॉर्म मीच भरत होते, कारण वॉर्डातल्या सुकरीबाईला इन्शुलिन मीच, ड्यूटीवरच्या नर्सनं, दिलं होतं. सकाळी ताट रिकामं बघून, जेवली असं समजूनच दिलं. दुपारी साखर उतरून ती घामानं भिजली, बेशुद्ध पडली. सलाईनमधून ग्लुकोज चढवलं, तरी गेली. फॉर्मवर तीनच प्रश्न होते. चुकीचं औषध? नाही. चुकीचा डोस? नाही. चुकीची वेळ? नाही. तेवढ्यात तिच्या लेकीनं खाटेखालून डबा काढला. सकाळचा भात, त्यावर कैरी घातलेलं वरण, सगळं तसंच. “खाल्लं काऊन नाई?” मी विचारलं. “गावचा पंडुम सण व्हायचा हाय, बाई. देवाले देल्याबिगर नवी कैरी आमी खात नाई.” “मंग लपवलं कायले?” “ताट भरलेलं दिसलं का तुमी रागावता.” मी डबा धुऊन लेकीच्या हातात दिला. फॉर्मच्या तळाशी पेनानं एक प्रश्न वाढवला: जेवली का, असं रुग्णाला विचारलं? पुढे लिहिलं: नाही.