शेवटच्या नळाचं मत

ठराव मंजूर व्हायला आता फक्त सुलाबाईंचा हात वर व्हायचा राहिला होता.

‘जगातील सर्व राष्ट्रांनी आपली अण्वस्त्रे तात्काळ नष्ट करावीत,’ असा तो ठराव होता. पोखरणच्या स्फोटांना दोन महिने झाले होते. खासदारांनी ज्ञानेशला शब्द दिला होता की, अख्ख्या इमारतीचा एकमताने ठराव आण, मी लोकसभेत वाचून दाखवतो. ‘एकमताने’ म्हणताना ते हसले होते. नाशिकच्या इमारती त्यांना ठाऊक होत्या.

ज्ञानेश विमा कचेरीत कारकून होता आणि उरलेल्या वेळात निःशस्त्रीकरण समिती होता. समितीत तो एकटाच होता.

सभा गच्चीवर भरली होती. सतरंजी सुलाबाईंनी आणली होती. इमारतीची सतरंजी आणि जिन्याखालच्या मीटरपेटीची किल्ली त्यांच्याकडे असे, कारण ही जोखीम दुसऱ्या कुणाला नको होती. तळमजल्यावरच्या खंडेराव निकमांनी अमेरिकेला झापलं. वरच्या मजल्यावरच्या प्रफुल्लने रशिया आणि चीन एकत्रच घेतले. त्याच्या बायकोने, तेजलने, पाकिस्तानला सुनावलं आणि मग नाइलाजाने आपल्यालाही. सगळे हात वर गेले.

सुलाबाईंचे हात मांडीवरच होते. त्यांची नोकरी मनमाडच्या तिकीट खिडकीवर झाली होती. समोर कितीही गर्दी असो, खिडकी कधी उघडायची ते त्या ठरवत.

“मावशी, हात,” ज्ञानेश म्हणाला.

“बॉम्बचं कळलं. मोटरींचं काय?”

वर गेलेले हात एकेक करून खाली आले.

पालिकेचं पाणी सकाळी सहा ते सात येई. नळाला मोटर लावून पाणी ओढायला बंदी होती. त्यामुळे इमारतीत कुणाकडेच मोटर नव्हती. सहाच्या ठोक्याला घरोघरी जी घरघर सुरू होई, ती कशाची, हे कुणी कुणाला विचारत नसे. सुलाबाईंचा नळ पाइपाच्या शेवटाला होता. त्यातून हवा येई. त्यांनी मोटर घेतली नव्हती. मोटर म्हणजे विनातिकीट प्रवास, असं त्यांचं मत होतं.

“माझ्याकडे आहे,” खंडेराव छाती पुढे काढून म्हणाले. “पण ती संरक्षणासाठी. मी आधी कधीच लावत नाही. वरच्यांची सुरू झाली की मग लावतो.”

“काका, आम्ही तुमची ऐकून लावतो,” तेजल म्हणाली.

प्रफुल्लने तिला थांबवलं. “आपल्याकडे आहे असं आपण म्हणत नाही. नाही असंही म्हणत नाही.”

“अहो, आपली टाकी रोज वाहते. रस्त्यावरून दिसते.”

ज्ञानेश सतरंजीची दशी ओढत बसला. इमारतीतली सगळ्यात मोठी मोटर त्याच्या न्हाणीघरात, उलट्या बादलीखाली होती.

आधी वरच्यांनी काढावी, आधी खालच्यांनी काढावी, यात चहा दोनदा झाला. शेवटी ठरलं. सोमवारी संध्याकाळी सगळ्यांनी एकाच वेळी आपापल्या मोटरी अंगणात आणून ठेवायच्या.

“मंगळवारी माझ्या नळाला पाणी आलं, की हात वर करीन,” सुलाबाई म्हणाल्या. मंगळवारी दुपारी खासदार मनमाडहून दिल्लीची गाडी धरणार होते.

सोमवारी अंगणात ढीग झाला. त्या दिवशी भद्रकालीतल्या पुंजा भंगारवाल्याकडे बंद पडलेल्या मोटरींचा भाव नव्या मोटरीच्या जवळपास गेला होता. खंडेरावांच्या मोटरीत चिमणीचं घरटं होतं. ज्ञानेशची मोटर इतकी गंजली होती, की ती उचलली तेव्हा तिचा तळ जमिनीवरच राहिला. प्रफुल्लला उशीर झाला होता. त्याने मिक्सर आणला होता. काळी वायर गुंडाळून आणला होता, तरी भांडं बसवायची खाच दिसत होती. कुणीही आक्षेप घेतला नाही. दुसऱ्याची तपासली असती, तर आपलीही तपासली गेली असती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सुलाबाईंनी ढिगाकडे पाहिलं आणि त्या आत गेल्या.

मंगळवारी सहा वाजले. मोटरींचा ढीग अंगणात शांत पडला होता आणि इमारत घरघरू लागली. सुलाबाईंचा नळ खाकरला. त्याने हवा सोडली.

सुलाबाई किल्ली घेऊन जिन्याखाली गेल्या.

घरघर थांबली. थोड्या वेळाने त्यांच्या बादलीत पाण्याची धार पडली. बारीकच, पण मग तशीच धार सगळ्यांच्या नळाला लागली. दारं उघडली. अंगणात टॉवेल जमले. ज्ञानेशच्या डोक्यावर साबण होता.

“लाइट गेली वाटतं,” खंडेराव म्हणाले.

“गेली नाही. मी काढली.” सुलाबाईंनी पदराआडून अख्ख्या इमारतीचा चिनी मातीचा पांढरा फ्यूज काढून दाखवला. “रोज सहाला काढीन, सातला लावीन. ज्याची हरकत असेल, त्याने लेखी द्यावी. सहाला लाइट कशासाठी हवी होती, तेही त्यात लिहावं.”

प्रफुल्लने तोंड उघडलं. तेजलने त्याच्याकडे पाहिलं. त्याने ते जांभईसाठी उघडलं होतं, असं ठरलं.

मग सुलाबाईंनी हात वर केला. फ्यूज त्याच हातात होता. “आता लिही. सर्वानुमते.”

ज्ञानेश विश्रामगृहावर पोहोचला, तेव्हा मनमाडला निघालेल्या खासदारांचा एक पाय जीपमध्ये होता. त्यांनी कागद वाचला. पुन्हा वाचला. ज्ञानेशच्या कानामागचा वाळलेला साबण पाहिला.

“एकमताने? अरे, हे तुम्ही जमवलं कसं?”

“साहेब, ते राहू द्या. एक पुरवणी प्रश्न तेवढा लिहून घ्या,” ज्ञानेश म्हणाला. “जगाची मीटरपेटी कुठल्या जिन्याखाली आहे, आणि तिची किल्ली कोणाकडे असते?”