सुईच्या टोकाएवढा उजेड

"लावा दिवे," मावशी आतून ओरडल्या, आणि हँगरमधले सगळे दिवे एकदम पेटले.

आतून म्हणजे एअरशिपच्या पोटातून. गॅस भरण्याआधी त्या अवाढव्य पिशवीत साधी हवा भरायची, बाहेर लख्ख उजेड करायचा आणि आत अंधारात एकाने उताणं पडून वर बघत राहायचं, अशी इथली रीत. कापडातून उजेड आत येत नाही. आलाच, तर तिथे भोक आहे. बावीस वर्षं हे काम मावशींकडे होतं. सांधे चिकटवणाऱ्याही त्याच आणि तपासणाऱ्याही त्याच.

उद्या सकाळी वारा पडणार होता. एअरशिपखाली टांगलेली दुर्बीण वीस किलोमीटर वर जाणार होती, जिथे हवा इतकी विरळ की तारे लुकलुकतसुद्धा नाहीत. तिथे तिने चाळीस दिवस राहायचं. खगोलशास्त्र शिकवणाऱ्या, या मोहिमेच्या प्रमुख सरांनी या दुर्बिणीपायी नऊ वर्षं घालवली होती. उद्याची वेळ हुकली, तर वारा असा पुन्हा पडणार आठ महिन्यांनी.

"सर, एक भोक आहे."

बूट काढून सर बाजूच्या झडपेतून रांगत आत शिरले आणि मावशींशेजारी उताणे झाले. डोळे अंधाराला सरावले. मावशींनी हात धरून दिशा दाखवली. सर बघत राहिले. काही नाही.

"भास झाला असेल, मावशी."

"भास कसला! असं रोखून बघू नका. जरा बाजूला बघा, म्हणजे दिसेल."

सर चाटच पडले. अंधुक तारा पाहायचा तर नजर किंचित बाजूला ठेवायची, हे ते नव्या विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी शिकवत. आणि आता स्वतःच विसरले होते.

"हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"कोण शिकवणार? पडल्या पडल्या कळलं."

सरांनी नजर बाजूला सरकवली आणि ते दिसलं. सुईच्या टोकाएवढं, असून नसल्यासारखं. चाळीस दिवसांचा गॅस तेवढ्यातून निम्म्या दिवसांत निघून गेला असता.

"बुजवायला किती वेळ लागेल?"

"बुजवायला तासभर. सुकायला मात्र दोन दिवस. घाई केली तर वरच्या थंडीत उकलेल." मावशींनी भोकाकडे बोट केलं. "सांधा माझाच आहे, सर. बावीस वर्षांत पहिल्यांदा असं झालं. कागदावर तसंच लिहा."

सरांना वाईट वाटलं, नाही असं नाही. पण त्याहून जास्त त्यांना या बाईचं कौतुक वाटलं. ती गप्प बसली असती, तर जगात कोणाला कळलं असतं?

ते बाहेर आले तेव्हा मोहिमेची इंजिनिअर झडपेशीच उभी होती. "सर, मी एकदा बघू का? माझी नजर चांगली आहे."

"तुला दिसणार नाही. मलाही दिसत नव्हतं," सर बूट चढवत म्हणाले. "उद्याचं उड्डाण रद्द कर."

"रद्द? मग आठ महिन्यांनी तरी नक्की ना?"

"ते मावशींना विचारावं लागेल," सर म्हणाले. "त्यांचं अजून बघून झालेलं नाही."