चढणीवरचे फोटो

"आला काय?" नम्रताने स्वयंपाकघरातून विचारलं.

"नाय अजून."

विनोद डबा भरायचा सोडून मोबाईल धरून बसला होता. ऑफिसला उशीर होत होता. होईना का! गावाहून बापाचा फोटो आल्याशिवाय त्याच्या घशाखाली चहा उतरत नसे. रत्नागिरीत मांडवीच्या दोन खोल्यांत रोज सकाळी हेच चाले, आणि नम्रतालाही आता त्याची सवय झाली होती.

मोबाईल वाजला. पेंढ्याची उडवी आणि तिच्या टोकावर बसलेला कोतवाल पक्षी.

"आला बाबा एकदाचा," विनोद म्हणाला आणि भराभर बूट घालायला लागला.

ही फोटोची भानगड त्यानेच काढली होती. गेल्या शिमग्याच्या तोंडावर त्याचा बाप महिपत गोठ्याची कौलं परतताना खाली पडला. मांडीचं हाड मोडलं. खेडला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, याला चालवा, नाहीतर पाय आखडेल तो कायमचाच. पण म्हातारा पडवी सोडेल तर शपथ! चाला म्हटलं की अंगावर येई. शेवटी दिवाळीत विनोदने नवा मोबाईल त्याच्या हातात ठेवला.

"बाबा, मला गावची लय आठवण येते. रोज एक फोटो पाठवा. पण रोज नवी जागा हवी हां."

गुळात घालून औषध दिलं, आणि ते लागू पडलं. आधी परसातली केळ आली. मग विहीर. मग खालच्या पऱ्याचं वाहतं पाणी, त्यातली धुण्याची धोंड. माघ लागला तसे फोटो चढणीला लागले. मोहरलेली आंब्याची फांदी, पेरणीआधी शेत भाजतात त्या भाजावळीचा धूर, आणि एक दिवस चक्क वरचा सडा, उन्हात तापलेला काळा कातळ. विनोदने ऑफिसात सगळ्यांना तो दाखवला. त्याला रडूच यायचं बाकी होतं.

नुसत्या पायाचा प्रश्न नव्हता. शिमग्याला देवीची पालखी महिपतच्या अंगणातून निघते आणि चढण चढून सहाणेवर, तिच्या चौथऱ्यावर, जाते. त्या चढणीला पुढचा खांदा महिपतच्या घराचा. आजा-पणज्यापासूनचा मान. गावचा नियम एकच, ज्याची चूल गावात पेटते त्याचाच खांदा. रत्नागिरीचे, मुंबईचे पोरगे पालखीपुढे लाख नाचोत, खांद्याला शिवायचं नाही. गेल्या साली महिपत खाटेवर होता, म्हणून शेजारच्या काशीरामने खांदा दिला. यंदाही चुकला तर मान कायमचा काशीरामच्या घरी जाणार, असं गावकीत ठरून गेलं होतं. ते ऐकलं त्या दिवशी महिपत जेवला नव्हता.

"आये, बाबा कुठेत?" विनोद संध्याकाळी फोनवर विचारी.

"पडवीत बसलेत," मैना म्हणे. तिला धाप लागलेली असे. म्हातारीला घरचं, गुरांचं, सगळं एकटीलाच पडत होतं.

"दमत असतील गं?"

"दमायला होतंच रे. चढ काय थोडा हाय?"

"पाय कसा वाटतो?"

"दुखतो रात्रीचा. तेल लावते मी." एवढं बोलून ती फोन ठेवून देई.

एकदा लाकडाच्या मोळ्या घेऊन उतरणाऱ्या बायकांचा फोटो आला. सगळ्यात पुढे शेजारची चिमा, तोंड भरून हसत होती.

"किती मोकळी हसलीये बघा," नम्रता म्हणाली. "मामंजींसमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नाही ती एरवी."

"बाबा बाहेर पडतात, चार माणसांत बोलतात, म्हणून," विनोद म्हणाला. त्याला फार बरं वाटलं.

शिमग्याला दोघं निघाली, पण एसटी वाटेत बंद पडली. वाडीत पोचेपर्यंत ढोल अंगणात वाजत होता. पालखी टेकवलेली. महिपत पांढराशुभ्र सदरा घालून पडवीच्या बाकावर बसला होता. काशीरामने कमरेला उपरणं आवळून ठेवलं होतं.

"दादा, उठतोस ना?" काशीराम म्हणाला. "देवीला खोळंबा नको."

महिपतने बाकावर दोन्ही हात रेटले. अर्धा उठला. पाय लाकडासारखा पुढेच राहिला, आणि तो परत बसला.

"अहो बाबा, उठा ना!" विनोद गर्दीतून ओरडला. "रोज सडा चढून जाता आणि आज काय झालं?"

महिपतने मान खाली घातली. ढोल थांबला. काशीराम दोन पावलं पुढे सरकला.

तेवढ्यात मैनाने पदर कमरेला खोचला आणि सरळ जाऊन पालखीचा पुढचा दांडा धरला.

"वैनी, तू?" काशीराम थबकला.

"चूल मीच पेटवते ना रे? का तू येतोस रोज फुंकायला?"

बायका फिदीफिदी हसल्या. गावकार एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. नियमात चुलीचं सांगितलं होतं, बाईचं कुणी काही सांगितलं नव्हतं. शेवटी म्हाताऱ्या गावकाराने ढोलवाल्याला हात केला.

"आये, चढ झेपायचा नाय तुला!" विनोद मागोमाग धावला. पण पालखी उठली होती. साठीची मैना पुढचा दांडा खांद्यावर घेऊन चढणीला लागली. कुठल्या धोंडीवर पाय द्यायचा, कुठल्या वळणाला दांडा तिरपा करायचा, तिला बघावंसुद्धा लागत नव्हतं. मागचे गडी धापा टाकत होते. विनोद अर्ध्या वाटेत छाती धरून थांबला आणि त्याने वळून खाली अंगणात बापाकडे बघितलं.

महिपत बाकावरून त्याला दोन्ही हातांनी खुणा करत होता. डोळ्यांतलं पाणी पुसायचंही त्याला भान नव्हतं.

"मोबाईल काढ रे विन्या!" तो खालून ओरडला. "दिवाळीपासनं सगळे फोटो तिनंच काढले, तिचा एक तरी काढ!"