फिल्मचा दुसरा तुकडा

गाडीच्या बॉनेटचा रंग वाचवणाऱ्या पारदर्शक फिल्मची कड पुन्हा वर आली. एव्हिसने ती अंगठ्याने दाबली, रबरी पट्टीने खालचं पाणी बाहेर ढकललं आणि मनात वीस आकडे होईपर्यंत अंगठा हलवला नाही. अंगठा उचलला तशी कड परत उठून बसली.

"काय गं हे?" लोकरीच्या शेडच्या दारात टेकून उभा असलेला ग्लेन म्हणाला. "विकायला काढलेल्या मेंढीला कोण अंघोळ घालतं, आई?"

"तू गप्प बस आणि दारातून सरक. उजेड अडतोय."

ग्लेन तिचा एकुलता एक मुलगा, कालच ॲडलेडहून आलेला. गाडीला गिऱ्हाईक त्यानेच शोधलं होतं. ते बाराच्या सुमारास येणार होतं. एव्हिसला अठ्ठ्याहत्तरावं लागलं होतं, तिचे हात थरथरायचे, आणि असल्या हातांनी खडीच्या रस्त्यावर गाडी चालवणं म्हणजे जिवाशी खेळ, असं ग्लेनचं म्हणणं. दुकान एकशे दहा किलोमीटरवर. गाडी गेली की घरही सुटणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. वृद्धांच्या वसाहतीतली एक खोली ग्लेनने बघूनही ठेवली होती. खिडकीतून पार्किंग दिसायचं.

एव्हिस हो म्हणाली नव्हती. नाहीही म्हणाली नव्हती. "बॉनेटला फिल्म लावायची राहिलीय, तेवढी लावू दे," एवढंच म्हणाली. या रस्त्यावर समोरून तीन डब्यांचा ट्रक गेला की खडी छऱ्यांसारखी अंगावर येते. बॉनेट तिने नुकतंच नव्याने रंगवून घेतलं होतं. गिऱ्हाईक खूश होईल, असा विचार करून ग्लेनने परवानगी दिली. हो, परवानगीच. आईला.

"खोक्यावर लिहिलंय, दोन माणसं लागतात," तो आता म्हणाला. "धरू का दुसरं टोक?"

"खोक्यावर लिहिणाऱ्याची माझी ओळख नाही."

पण कड काही बसेना. एव्हिसने बोट नाकाशी नेलं आणि तिचा चेहरा उतरला. लोकरीचं तेल! तिने वळून मागच्या लांब टेबलाकडे पाहिलं. चाळीस वर्षं त्या टेबलावर ती लोकर पारखत आली होती. घरात काहीही पसरायचं झालं, अगदी पडद्याचं कापड असो की जमिनीचा नकाशा, तिचे पाय आपोआप त्या टेबलाकडे वळायचे. सकाळी फिल्मही तिने तिथेच पसरली होती. लाकडात मुरलेलं तेल फिल्मच्या चिकट बाजूला लागलं होतं. तेलकट हातांपायी तिने किती तरी कामगारांना याच शेडमध्ये फैलावर घेतलं होतं. आणि आज ही तिची स्वतःची करामत.

ग्लेनला हसू आवरलं नाही. मग तो हळू आवाजात म्हणाला, "बघ, आई. मी हेच तर सांगतोय. आता तुझ्या लक्षात राहत नाही."

ते तिच्या जिव्हारी लागलं. तिने पहिला तुकडा ओढून काढला, चुरगळून कोपऱ्यात भिरकावला आणि कोपरापर्यंत हात साबणाने धुतले. दुसरा तुकडा तिने गाडीच्या पुढच्या ओल्या काचेवर पसरला, मागचा कागद सोलला, चिकट बाजूवर साबणाचं पाणी मारलं. तिसरा तुकडा नव्हता.

दूर रस्त्यावर धुळीचा लोट दिसायला लागला.

"आलं गिऱ्हाईक," ग्लेन म्हणाला. "सोड आता. हात बघ तुझे."

हात थरथरत होतेच. रिकामे असले की ते थरथरायचे. तिने फिल्मची दोन टोकं चिमटीत धरली आणि बाकीची सगळी छातीशी गोळा केली. ते पाहून ग्लेन दारातून दोन पावलं पुढे आला. लहानपणी त्याने हे हजारदा पाहिलं होतं. कातरलेल्या मेंढीची अख्खी लोकर मागच्या पायांकडच्या टोकांनी अशीच धरतात, अशीच छातीशी घेतात आणि एका झटक्यात टेबलावर फेकतात.

"आई, फिल्म आहे ती! लोकर नाही!"

एव्हिसने फेकली.

फिल्म हवेत पूर्ण उघडली, क्षणभर तरंगली आणि ओल्या बॉनेटवर सपाट उतरली. एक सुरकुती नाही. तिने ती बोटभर डावीकडे सरकवली आणि पट्टी हातात घेतली. मधून कडेला, मधून कडेला. पाणी निथळत गेलं. चारही कडा तिने बॉनेटच्या आत दुमडल्या आणि दाबल्या. या वेळी त्या मुकाट्याने बसल्या.

गिऱ्हाईक उतरलं. रुंद टोपीचा, गप्प चेहऱ्याचा माणूस. त्याने बॉनेटवर तळवा फिरवला, वाकून तिरक्या नजरेने पाहिलं.

"फिल्म आहे? दिसत तर नाही. कुठल्या गॅरेजात लावली?"

"आईने लावली," ग्लेन म्हणाला. त्यात अभिमान होता, आणि तो लपवायचं त्याच्या लक्षात राहिलं नाही.

एव्हिस हात पुसत उभी होती.

"आणि दहा वर्षांची हमी आहे हिला," ग्लेनला हुरूप आला होता. "थांबा, कार्डावर तुमचं नाव घालून देतो." खांबावरच्या खिळ्याला अडकवलेलं हमीचं कार्ड त्याने काढलं आणि खिशातून पेन.

नाव आधीच घातलेलं होतं. एव्हिस ट्रेलोर. लोकरीच्या गाठोड्यांवर खुणा करायच्या काळ्या शाईने, ठसठशीत. खाली हमी संपायची, दहा वर्षांनंतरची तारीख होती, आणि तिच्यापुढे त्याच शाईत लिहिलं होतं: "या दिवशी नवी लावायची."