म्हातारीचं घर ओढायचा दिवस

“मी हलणार नाही,” मार्गीट म्हणाली आणि बटाट्याची सालं अस्पिल्यागाच्या बुटांशेजारच्या बादलीत टाकली.

“आजी, घर तुमचंच राहील. फक्त टेकडीमागे जाईल. इथून परदेशी पाहुण्यांना समुद्र दिसायला हवा.”

“मीही परदेशीच आहे. मला दिसतोय.”

मार्गीट हंगेरीची, या बेटावर तिची तीस वर्षं गेली होती. अस्पिल्यागाला सांतियागोच्या पर्यटन कंपनीनं पाठवून तीन महिने झाले होते आणि तेवढ्यात त्यानं बेट ओळखलं होतं.

म्हातारी इथं कोणालाच नको होती, हे त्याचं निरीक्षण. बैलवाला एलिएसेर न विचारता तिच्या स्वयंपाकघरात शिरायचा. “चहा आहे, का तोही ढोसलास, म्हातारे?” शेजारीण उबेरलिंदा तिच्या कोंबड्यांच्या सात पिढ्या उद्धरायची. अस्पिल्यागा आला की मात्र सगळे उठून उभे. शेकोटीजवळची खुर्ची त्याला, पहिला शिंपला त्याला. त्यानं कंपनीला कळवलं, इथलं आदरातिथ्य विकण्याजोगं आहे.

घर हलवायची रीतही त्यानं शिकून घेतली. ज्याला गरज, त्यानं दारोदार जाऊन विनंती करायची. मग गाव बैल आणतं, घराखाली ओंडके सरकवतं आणि अख्खं घर ओढून नेतं. वाटेत समुद्र लागला तर होडीला बांधून तरंगत नेतं. जेवण विनंती करणाऱ्याचं. अस्पिल्यागा दारोदार फिरला. कोणीही नाही म्हटलं नाही.

“म्हातारी आतच बसून राहिली तर?” त्यानं एलिएसेरला विचारलं.

“बसू दे की. आतल्याला काही कळतही नाही, साहेब. पेल्यातला थेंब सांडत नाही.”

“तुम्हाला वाईट नाही ना वाटत?”

“तुम्ही पाहुणे. पाहुण्याचं आम्ही सगळं करतो. निघताना पोचवायलासुद्धा गाव लोटतं.”

शनिवारी बैल आले. मार्गीट हाताची घडी घालून उंबऱ्यात उभी राहिली.

“ए, शोभेची बाहुली,” उबेरलिंदा ओरडली, “माणसं जेवायचीत. बटाटे कोण सोलणार, तुझा बाप?”

मार्गीट शिव्या देत सोलायला बसली. अस्पिल्यागाला तिची जरा दयाच आली.

त्याला गावानं समोरच्या, पाण्याकडच्या उतारावरच्या कंपनीच्या स्वागत केंद्रात बसवलं. केंद्र नवंकोरं, सगळं लाकडी, एलिएसेरनंच बांधलेलं. सिमेंट नको, पाहुण्यांना जुनी पद्धत आवडते, असा कंपनीचा आग्रह होता. खिडकीपाशी खुर्ची, पुढ्यात वाफाळते शिंपले, मटण आणि सफरचंदाची दारू.

“खाली ठोकाठोकी कसली?”

“जमिनीला ओल आहे, साहेब. लाकडं बघून घेतोय. तुम्ही जेवा.” एलिएसेरनं अदबीनं दार ओढून घेतलं. “वारा फार आहे.”

बाहेर आरोळी उठली. दोर करकरले. अस्पिल्यागानं कंपनीसाठी चित्रीकरण करायला फोन खिडकीत धरला.

म्हातारीचं घर सरकलं. आधी वीतभर, मग हातभर. हळूहळू ते लांब जाऊ लागलं, लहान होऊ लागलं. अंगणात मार्गीट बटाटा सोलत बसली होती. तिनं सुरी हलवून त्याला निरोप दिला. खिडकीखालून अख्खं गाव चालत होतं आणि त्याच्याकडे बघून टोप्या काढत होतं. काय ही माणसं, अस्पिल्यागाला भरून आलं. त्यानं पेला उचलला. खरंच, एक थेंब सांडला नव्हता.

मग दाराखालून समुद्राचं पाणी आत आलं.