देणगीदाराचं नाव

केसरबाईंच्या आश्रयघरात नाव विचारायची रीतच नव्हती. मार खाऊन आलेल्या बाईला तिच्या नवऱ्याचं विचारत नसत, देणगी देणाऱ्याला त्याचं. पण नवा कायदा आला आणि संस्थेच्या सीएनं बजावलं, "निनावी देणगीवर कर बसेल. दारातच नाव विचारत जा."

आज एकजण पाकीट घेऊन आला. परवाच नवऱ्याचा मार खाऊन आलेली पूनम आत भाकरी थापत होती. केसरबाईंनी संकोचतच विचारलं, "नाव काय लिहू, दादा?"

"लिवा की. बिभीषण, मंगळवेढ्याचा." तो जरा मोठ्यानंच बोलला.

आतली थापथाप थांबली.

त्यानं कान देऊन ऐकलं, पाकीट परत खिशात घातलं आणि पायरीवर बसला.

"पावती ऱ्हाऊ द्या, मावशी. भाकरी हू द्या तिची. मी थांबतो."