जिन्याजवळचा फोटो

शपथेवर सांगते, यातला शब्द न शब्द खरा आहे. खोटं निघालं तर माझे उरलेले चार दातही पडोत.

फोन वाजला तेव्हा शिंपी पाच जणांच्या बॅगा दाराशी लावत होता. गळ्यात टेप तशीच. परदेशी निघालेल्या माणसाला टेप कशाला, असं बायकोने दोनदा विचारून झालं होतं.

सहल त्याला दोऱ्याच्या कंपनीने बक्षीस दिली होती. कुठेही जा म्हणाले, समुद्र, राजवाडे, वाट्टेल ते. त्याने एका दमात सांगितलं, आईचं तळं.

त्याची आई तरुणपणी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती, तीन मिनिटं झाली की लोकांचे ट्रंक कॉल तोडणारी. तिथून तिला म्हणे एकदा परदेशी पाठवलं. तळ्याकाठचं हॉटेल, गुडघाभर बर्फ, आणि हॉटेलचा मालक तिच्यावर इतका खूश की दोघांचा नाचतानाचा फोटो त्याने जिन्याजवळ टांगला. हॉटेलचं चित्र असलेला बिस्किटांचा डबा आईने आठवण म्हणून आणलेला. त्यात आता बटणं होती. ही गोष्ट ऐकत शिंपी मोठा झाला, मग त्याची दोन पोरं. पण आईचे गुडघे कुरकुरायला लागले होते. आत्ता नाही तर कधीच नाही, हे त्याला कळत होतं. त्या जिन्याजवळ आईला एकदा उभं करायचं, बस.

बेत ऐकला तेव्हा आईला चहाचा ठसका लागला होता.

"हॉटेल अजून आहे?"

"आहे की. मालकसुद्धा आहे, नव्वदीचा. पत्र टाकलंय मी, तुमची पाहुणी येतेय म्हणून."

"बरं केलंस," आई म्हणाली. "चहा फार गरम आहे."

मग तीही हौसेने तयारीला लागली. पंधरा दिवसांचा पेपर बंद केला. रेडिओतले सेल काढले, उगाच गळायला नकोत म्हणून. मैत्रिणीचा निरोपही घेऊन आली. मैत्रीण एक्स्चेंजमधलीच, पलीकडच्या गल्लीत राहणारी.

तर फोन. बाईचा आवाज, इस्त्री मारल्यासारखा.

"तिकीट क्रमांक चार चार, सात शून्य. पुन्हा सांगते, चार चार, सात शून्य. तिकडे बर्फाचं भयंकर वादळ आहे. विमानतळ बंद. सहल रद्द."

"अहो, मग पुढे कधी?"

"समुद्रावर जा ना. कधीही जा. तळ्याकडे नको."

"का पण?"

"तीन मिनिटं झाली," बाई म्हणाली आणि लाईन तुटली.

शिंपी मटकन बॅगेवर बसला. बायको म्हणाली, "रेडिओ लावा, काय म्हणतायत बघू." पण सेल कुठे होते? धाकटीने लोकरीच्या कोटासकट भोकाड पसरलं. थोरला म्हणाला, "आता आजीचा फोटो राहिला."

"माझ्याकडे काय बघताय?" आई म्हणाली. "वादळ काय मी आणलंय? उठा. आपल्याला जाता येत नाही ना, मग हॉटेलला इकडे बोलवू."

घराखालीच दुकान. अस्तराचं पांढरं कापड गठ्ठ्यागठ्ठ्याने वर आलं, कपाटांचे डोंगर झाले. निळं साटीन जमिनीवर पसरून तळं झालं. कोटाच्या खांद्यात भरायचा कापूस पोरांनी पंख्याखाली उधळला, तसा बायकोच्या केसांतसुद्धा बर्फ पडला. ती इस्त्रीच्या टेबलामागे मॅनेजर बनून उभी राहिली आणि नवऱ्याला म्हणाली, "खोली रिकामी नाही. तुमचं तोंड बघून तर नाहीच."

"तोंड मोजून घ्या, मापात आहे," शिंपी म्हणाला आणि सकाळपासून पहिल्यांदा हसला.

तेवढ्यात आईची मैत्रीण दारात. हातात पाच लोकरीच्या टोप्या. "वादळाचं ऐकलं. म्हटलं, गारठला असाल."

"या, या," म्हणत शिंप्याने तिला डोंगराखाली बसवलं. तिने टोपी चढवली आणि नाचाची धून गुणगुणायला लागली.

आईने मुलाच्या गळ्यातली टेप काढली. ती रिकामी मान बायकोने लग्नानंतर क्वचितच पाहिली असेल. टेप आईने आपल्या कमरेला पट्ट्यासारखी बांधली.

"चल, नाच."

"मला कुठे येतं?"

"मला तरी कुठे येत होतं?"

शिंपी नाचला. दोनदा तळ्यात पडला, एकदा मॅनेजरबाईंना घेऊन. पोरं हसून हसून लोळली. आईचे गुडघे त्या दिवशी एकदाही कुरकुरले नाहीत. शेवटी दुकानातली शिडी वर आणून तिचा जिना केला आणि थोरल्याने सहलीसाठी आणलेल्या कॅमेऱ्यातून फोटो काढला. टोपी, टेप, आई आणि तिचा घामाघूम झालेला लेक.

शिंपी कापसातच बसला. आईचा हात हातात होता.

"आई, खरं सांग. असंच होतं का गं तिथे?"

आईने डोंगर बघितले, तळं बघितलं, बटणांचा डबा बघितला.

"अगदी असंच," ती म्हणाली.

तो फोटो आता दुकानाच्या जिन्याजवळ टांगलाय. येऊन बघा. म्हणूनच म्हटलं, शब्द न शब्द खरा. फक्त वादळ तेवढं मी पदरचं घातलं, आणि आवाज माझ्या मैत्रिणीचा.